मिक्स सीडीची अदलाबदल: गाणी निवडायची, लावायची आणि पाठवायची कशी

ऑनलाइन ओळख झालेल्या मंडळींनी एकमेकांना गाण्यांची सीडी करून पाठवायची, हा खेळ दिसायला सोपा आहे. वीस आवडती गाणी काढली, सीडी बर्न केली, पाकिटात घातली, झालं. अशा घाईने केलेल्या सीडी बहुधा चौथ्या-पाचव्या गाण्यालाच बंद होतात आणि त्यात गाण्यांचा दोष क्वचितच असतो. गाणी कुणासाठी आहेत, कोणत्या क्रमाने लागतात, एक संपून दुसरं सुरू होताना कानाला काय जाणवतं, याचा विचारच झालेला नसतो. प्लेलिस्टमध्ये हे खपून जातं, कारण ऐकणारा गाणी पुढेमागे करत असतो. सीडी ओळीने वाजते. म्हणून निवडीइतकाच वेळ क्रमासाठी आणि गाण्यांमधल्या जोडांसाठी राखून ठेवा. खाली सगळी कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत.

आधी नियम ठरवा

गट पाच ते आठ जणांचा असावा. अदलाबदलीच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक जण एकच सीडी करतो आणि एकालाच पाठवतो. दुसरीत प्रत्येक जण आपल्या सीडीच्या प्रती सगळ्यांना पाठवतो; सहा जण असले तर प्रत्येकी पाच प्रती, म्हणजे एकूण तीस पाकिटं. नवख्यांनी पहिलीच पद्धत घ्यावी. खर्च कमी हे कारण आहेच, पण खरं कारण वेगळं आहे: पाच जणांना आवडेल असं शोधायला गेलं की निवड गुळमुळीत होते.

जोड्या लावायला चिठ्ठ्या काढू नका. कुणाला स्वतःचंच नाव येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. सगळी नावं उलटसुलट करून एका ओळीत लिहा. प्रत्येकाने आपल्या खालच्या नावाला पाठवायचं, शेवटच्याने पहिल्याला. असं केलं की स्वतःचं नाव कुणालाच येत नाही आणि दोघांनी फक्त एकमेकांना पाठवलं असंही होत नाही. ही यादी एकाच संयोजकाकडे राहू द्या. पत्ते सगळ्या गटात फिरवू नयेत. ज्याला पाठवायचं आहे त्याला तेवढा एकच पत्ता संयोजकाने खासगीत कळवावा आणि फेरी संपली की पत्त्यांची यादी पुसून टाकावी. ऑनलाइन मैत्री कितीही जुनी असली तरी घरचा पत्ता ही वेगळी गोष्ट आहे.

मुदत दोन टप्प्यांत द्या: गाणी ठरवून सीडी तयार करायला तीन आठवडे आणि त्यानंतर पाकीट टपालात पडायची एक पक्की तारीख. नुसतं ‘महिनाअखेरपर्यंत’ म्हटलं की निम्मे लोक शेवटच्या रात्री बसतात. प्रत्येक फेरीत एखादा माणूस गळतोच, तेव्हा एक जादा सीडी करायला कोण तयार आहे हेही आधीच विचारून ठेवलेलं बरं.

विषय द्यायचा की नाही? द्यावा, पण सैल. ‘पाऊस’ म्हटलं की सगळे शब्दांत पाऊस असलेली गाणी गोळा करतात आणि सीडी निबंधासारखी होते. ‘रात्री अकरानंतर’, ‘लांबचा प्रवास’, ‘वाद्यं पुढे, गाणारा मागे’ अशा विषयांना हात-पाय पसरायला जागा असते.

ज्याला पाठवायची त्याला चार प्रश्न

संयोजकाने सगळ्यांकडून या चार प्रश्नांची उत्तरं घ्यावीत आणि पाठवणाऱ्याला द्यावीत.

१. सीडी कशावर ऐकणार: गाडीत, घरच्या प्लेअरवर, की कॉम्प्युटरवर हेडफोन लावून?
२. अजिबात नको असं काय आहे?
३. कोणत्या भाषांतली गाणी समजतात आणि न समजणाऱ्या भाषेतली चालतील का?
४. ऐकताना आसपास लहान मुलं असतात का?

‘तुम्हाला काय आवडतं?’ हा प्रश्न मुद्दाम घेतलेला नाही. त्याचं उत्तर मिळालं की पाठवणारा त्याच गायकांची गाणी शोधायला लागतो, आणि ती तर समोरच्याकडे आधीपासूनच असतात. नको असलेल्या गोष्टींची यादी जास्त उपयोगी पडते.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर अर्धी निवड ठरते. गाडीत इंजिनाची आणि टायरची घरघर चालू असते. हळू आवाजातला आलाप किंवा पियानोचा नाजूक तुकडा त्यात बुडून जातो. माणूस आवाज वाढवतो आणि पुढचं गाणं कानठळ्या बसवतं. हेडफोनवर मात्र हीच नाजूक गाणी खुलतात. समोरच्याकडे सीडी वाजवायला काही आहे ना, हेही विचारा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपना सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह लागतो.

लांबलचक यादी, मग कात्री

ऑडिओ सीडीचे मूळ नियम फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवले, ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जातात आणि आजही तेच चालतात. बाजारातल्या रिकाम्या सीडीवर ७०० एमबी, ८० मिनिटं असं छापलेलं असतं. जुन्या साठ्यातल्या काही ६५० एमबी, ७४ मिनिटांच्याही असतात. आधी आपल्या हातातली कोणती ते बघा. ८० मिनिटांच्या सीडीवर प्रत्यक्षात दोन-चार सेकंद कमीच मावतात, शिवाय गाण्यांमधल्या मोकळ्या जागेचा हिशेब असतो: नेहमीच्या २ सेकंदांच्या अंतराने १९ गाण्यांमधल्या १८ जागांना ३६ सेकंद जातात. म्हणून एकूण बेरीज ७८ मिनिटांच्या आत ठेवा. काही सॉफ्टवेअर ८० मिनिटांच्या पुढेही बर्न करू देतं. त्या वाटेला जाऊ नका; सीडीच्या बाहेरच्या कडेजवळ वाचन आधीच कमकुवत असतं आणि शेवटचं गाणं अडखळतं.

चार मिनिटांचं गाणं धरलं तर १८-१९ गाणी झाली. सुरुवात मात्र ४०-५० गाण्यांच्या यादीने करा. एकाच बैठकीत सुचलेली वीस गाणी एकाच मूडची असतात. आठवडाभर जसजशी आठवतील तशी लिहीत गेलं की यादीला रुंदी येते. मग कात्री लावा.

एका गायकाचं किंवा बँडचं एकच गाणं. हा नियम मोडायची हुक्की येते तेव्हा समजावं की आपण सीडी करत नसून त्या गायकाची वकिली करतोय. सगळ्यांना तोंडपाठ असलेली गाणी तीन-चारच ठेवा आणि तीही पसरून. अगदीच नसली तर ऐकणारा परक्या गावात उतरल्यासारखा भांबावतो. जास्त झाली तर सीडी परत लावायचं कारण उरत नाही.

लांब गाण्यांना नीट तोला. एक विलंबित ख्याल अर्ध्या तासाचा असू शकतो, म्हणजे सीडीचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग. शास्त्रीय संगीत द्यायचंच असेल तर सहा-सात मिनिटांची द्रुत बंदिश, ठुमरी किंवा जुन्या ७८ आरपीएम तबकडीवरचं ध्वनिमुद्रण शोधा. त्या दहा इंची तबकड्यांच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच मावायचं, त्यामुळे गाणाऱ्यांनी सगळा राग तेवढ्यात मांडलेला असतो. आठ मिनिटांच्या वरचं गाणं पूर्ण सीडीत एकच ठेवा. मधोमध कापून कुठलंही गाणं देऊ नका. ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

मैफलीतली ध्वनिमुद्रणं घेताना टाळ्या ऐका. गाणं संपल्यावर चाळीस सेकंद टाळ्या आणि मध्येच पुढच्या गाण्याची घोषणा असेल तर शेवट आवरता येतो का ते बघा. येत नसेल तर सोडून द्या.

समोरच्याला भाषा कळत नसेल तर ज्यांची सगळी गंमत शब्दांत आहे अशी गाणी बाजूला ठेवा. आवाजाचा पोत, ठेका, सुरावट यांच्या जोरावर उभं राहणारं गाणं भाषेवाचूनही पोचतं. आणि ज्यामागे तुमची खासगी आठवण आहे असं गाणं घेताना स्वतःला विचारा: ती आठवण काढून टाकली तर हे गाणं उरतं का? बरेचदा उरत नाही.

क्रम लावताना

सगळी गाणी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: लांबी, लय (संथ, मध्य, द्रुत), सुरुवात कशी होते, शेवट कसा होतो. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे आहेत. ते भरल्याशिवाय क्रम लावणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

पहिलं गाणं तुमचं सर्वांत आवडतं नसलं तरी चालेल. पहिल्या वीस सेकंदांत पकड घेणारं हवं. दीड मिनिट नुसतं वातावरण तयार करणारी सुरुवात इथे नको. दुसरं गाणं पहिल्याचा जोर टिकवतं, तिसऱ्याला वळण घ्यायचं. तिन्ही गाणी एकाच ठेक्याची झाली तर ऐकणारा सीडी ओळखली असं समजतो आणि त्याचं लक्ष उडतं. अनोळखी, अवघड, ऐकायला थोडी मेहनत लागणारी गाणी पाचव्यापासून पुढे.

मध्यावर, म्हणजे साधारण ३८ ते ४० मिनिटांपाशी, एक मोड ठेवा. कॅसेटच्या काळात हे आपोआप व्हायचं: ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपायची, माणूस उठून ती उलटायचा, आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं नव्या दमाने लागायचं. सीडीला बाजूच नाही, म्हणून आठवं-नववं गाणं शांत संपणारं आणि त्यापुढचं ताज्या सुरुवातीचं अशी जोडी मुद्दाम लावावी लागते.

शेवटी काय? जोरदार समारोप आणि त्यामागे एक छोटं, हलकं गाणं, ही रचना बहुतेक वेळा जमते. सीडी गाडीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते हे विसरू नका. शेवटचं गाणं आणि पहिलं गाणं यांचाही जोड ऐकून पाहा.

जुनी, खरखर असलेली मोनो ध्वनिमुद्रणं एकेकटी पसरू नका. दोन एकत्र ठेवा. पहिल्याच्या वेळी कान खरखरीला सरावतो आणि दुसरं नीट ऐकलं जातं. त्यांच्या आधी एखादं कमी वाद्यांचं गाणं असू द्या. बास ठोकणाऱ्या नव्या गाण्यानंतर लगेच १९४० च्या दशकातलं गाणं आलं की ते बिचारं डब्यात गायल्यासारखं वाटतं.

जोड

सीडी बिघडते ती इथे, आणि सुधारतेही इथेच. प्रत्येक गाण्याचे शेवटचे १५ सेकंद आणि पुढच्याचे पहिले १५ सेकंद सलग ऐका. १९ गाण्यांचे १८ जोड, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे ९ मिनिटांचं काम. हे न करता सीडी पाठवू नका.

एक उदाहरण बारकाईने पाहू. पहिल्या गाण्याची लांबी ४ मिनिटं १२ सेकंद दिसते, पण फाइल ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून लाटांचं चित्र मोठं करून बघितलं तर ४:०५ नंतर रेष सपाट झालेली असते. म्हणजे ७ सेकंद शांतता. त्यात बर्न करताना पडणारे २ सेकंद. पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला आणखी ३ सेकंद काहीच नाही. एकूण १२ सेकंद. गाडीत बसलेला माणूस एवढ्यात सीडी संपली असं समजून बटण दाबतो. उपाय सोपा आहे: शेवटची सपाट रेष निवडून काढून टाका, अर्धा सेकंद राहू द्या, पुढच्या गाण्याच्या सुरुवातीची शांतताही तशीच छाटा. छाटताना आवाज मोठा करून, हेडफोन लावून ऐका, कारण तंबोऱ्याचा किंवा झांजेचा विरत जाणारा नाद चित्रात दिसत नाही पण ऐकू येतो. तो तोडला तर गाणं दारात बोट चिमटल्यासारखं थांबतं.

शेवट दोन प्रकारचे असतात. काही गाणी हळूहळू विरतात, काही ठोक्यावर, समेवर येऊन थांबतात. विरणाऱ्या गाण्यामागे ठाम सुरुवातीचं गाणं चांगलं बसतं. ठोक्यावर संपणाऱ्यामागे श्वास घ्यायला जागा लागते किंवा मग अजिबात अंतर न ठेवता लगेच दुसरा ठोका. विरणारं गाणं आणि त्यामागे हळूहळू उगवणारं गाणं, ही जोडी टाळावी. मध्ये खड्डा पडतो.

आता सुरांचं. पहिल्या गाण्याचा षड्ज (सा) पांढरी एक आणि दुसऱ्याचा काळी एक, म्हणजे पेटीवरची अगदी शेजारची पट्टी, असेल, तर दुसरं गाणं सुरुवातीला बेसूर वाटतं, कारण कानात आधीचा सूर अजून घुमत असतो. षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम असं नातं असलेल्या पट्ट्या एकमेकींना धरून जातात. पट्टी ओळखता येत नसेल तर मोबाइलवरच्या ट्यूनर अॅपने गाण्याचा शेवटचा टिकलेला सूर बघा. क्रम बदलणं शक्यच नसेल तर त्या एका जागी अंतर ४ सेकंदांचं करा, तेवढ्यात कान मोकळा होतो.

लयीचंही तसंच. मिनिटाला ७० ठोके आणि १४० ठोके एकामागे एक चालतात, कारण एक दुसऱ्याची दुगुन आहे. १०० नंतर ११२ मात्र अवघडल्यासारखं होतं. धड तीच लयही नाही आणि वेगळीही नाही.

फाइली आणि आवाजाची पातळी

गाणी स्वतःच्या सीडींवरून काढलेली किंवा विकत घेऊन उतरवलेली असावीत. महिन्याची वर्गणी भरून ऐकायच्या अॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी कुलूपबंद असतात. ती त्या अॅपबाहेर चालत नाहीत आणि बर्नही होत नाहीत. प्रत करून दुसऱ्याला देण्याचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या. कलाकारांनी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळी केलेली गाणी हा निर्धोक मार्ग आहे; नुसत्या अशाच गाण्यांची एक फेरीही करता येते.

आपल्या सीडीवरून गाणी काढायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरा, कारण ते ओरखड्यांपाशी पुन्हा पुन्हा वाचून चूक पकडतं. फाइली वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवा, त्यांत आवाजातलं काही गाळलं जात नाही. एमपीथ्रीत काही भाग गाळलेला असतो; ती चालते, पण २५६ किंवा ३२० केबीपीएसची (आकडा जितका मोठा तितकं कमी गाळलेलं). १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलून काही मिळत नाही. जे गेलं ते गेलं. सीडीवर सगळं शेवटी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओच होतं. व्हिडिओतून काढलेला आवाज बहुधा ४८ किलोहर्ट्झचा असतो. तो आधीच बदलून घ्या.

आवाजाच्या पातळीकडे दुर्लक्ष केलं की सगळी मेहनत वाया जाते. १९९० च्या दशकापासून गाणी अधिकाधिक दाबून, मोठ्या आवाजात मास्टर करायची चढाओढ लागली, त्यामुळे नवं गाणं तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यापेक्षा कितीतरी मोठं वाजतं. ‘नॉर्मलाइज’ नावाचं साधं बटण इथे कामाचं नाही, कारण ते फक्त सर्वांत उंच शिखर मोजतं. दोन गाण्यांची शिखरं सारखी असूनही एक दुप्पट मोठं वाटू शकतं. ऑडॅसिटीत ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा वेगळा पर्याय आहे, तो कानाला जाणवणारा मोठेपणा मोजतो. नियम एकच: मोठी गाणी खाली आणा, लहान आवाजाची वर ओढू नका. वर ओढलेल्या गाण्याची शिखरं कापली जातात आणि आवाज फाटतो. उणे १६ ते उणे १८ एलयूएफएसच्या (हा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास सगळी आली तर पुरे. तेवढ्यावर न थांबता कानाने तपासा: एकट्या आवाजातलं संथ गाणं आकड्याने बरोबरीचं असलं तरी बँडच्या गाण्यानंतर फार पुढे आल्यासारखं वाटतं, ते दोन-तीन डेसिबल खाली घ्यावं.

बर्न करणं

रिकामी सीडी ‘सीडी-आर’ घ्या, ‘सीडी-आरडब्ल्यू’ नको. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून लेझर फार कमी परावर्तित होतो आणि जुने प्लेअर ती ओळखतच नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिओ सीडी’ निवडा. ‘डेटा सीडी’ निवडली तर एमपीथ्रीच्या फाइली जशाच्या तशा जातात आणि साध्या प्लेअरला त्यातलं काही कळत नाही. ‘सीडी चालतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. डेटा सीडीवर दीडशे गाणी मावतात, खरं आहे; पण दीडशे गाणी मिळालेला माणूस नीट एकही ऐकत नाही.

लिहायची पद्धत ‘डिस्क अॅट वन्स’, म्हणजे सगळी सीडी एका दमात, अशी ठेवा. ‘ट्रॅक अॅट वन्स’ मध्ये प्रत्येक गाण्यानंतर लेझर थांबतो, मध्ये २ सेकंद येतातच आणि जोडांवर केलेलं काम फुकट जातं. अंतराची सेटिंग बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून काही सेकंदांपर्यंत बदलता येते. उत्तम उपाय म्हणजे सगळीकडे शून्य ठेवायचं आणि हवी तेवढी शांतता फाइलच्या शेवटी आपणच घालायची.

एकात एक मिसळलेली दोन गाणी, किंवा सलग मैफलीचे तुकडे करायचे असतील तर एक खाच आहे. सीडीवर एक सेकंद ७५ तुकड्यांत लिहिला जातो. तुमचा कट अशा तुकड्याच्या सीमेवर पडला नाही तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि जोडावर बारीक ‘टक्’ ऐकू येतं. ऑडॅसिटीत वेळ दाखवायचं स्वरूप ‘सीडीडीए फ्रेम्स’ असं निवडा, म्हणजे कट बरोबर सीमेवर पडतो. सलग ऐकायच्या तुकड्यांना एमपीथ्री वापरू नका. त्या फाइलीच्या दोन्ही टोकांना एन्कोडर थोडी शांतता जोडतो.

लिहायचा वेग १६ एक्स किंवा २४ एक्स, म्हणजे सीडी वाजते त्याच्या १६ किंवा २४ पट, ठेवा. १६ एक्सला भरलेली सीडी पाच मिनिटांच्या थोडं वर घेते. अगदी १ एक्सला लिहिली की उत्तम, हा जुना समज आहे; आजच्या सीडी त्या वेगासाठी बनवलेल्याच नाहीत. शेवटी ‘फायनलाइज’ झालं आहे, म्हणजे साध्या प्लेअरला वाचता येईल अशी सीडी बंद झाली आहे, याची खात्री करा.

सीडी-टेक्स्ट, म्हणजे सीडीवरच गाण्यांची नावं लिहायची सोय, भरलं तर काही प्लेअरवर ती नावं दिसतात. पण त्यात देवनागरीची सोयच नाही. तिथे नावं रोमन लिपीत लिहा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं उमटतात. देवनागरीतली यादी कागदावर द्या.

तयार सीडी दोन वेगळ्या प्लेअरवर लावा, त्यातला एक तरी कॉम्प्युटर नसलेला असू द्या. आणि एकदा पूर्ण ऐका. होय, पूर्ण सव्वा तास.

सीडीवर लिहिणं आणि यादी

सीडीची चकचकीत बाजू नाजूक असते असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात खालून १.२ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लास्टिक असतं, आणि गाणी असतात ती वरच्या, छापील बाजूच्या पातळ लेपाखाली. म्हणून वर बॉलपेनने लिहू नका. मऊ टोकाचा सीडी मार्कर घ्या आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. चिकटवायचे गोल स्टिकर अजिबात नकोत. किंचित तिरके बसले तरी सीडी फिरताना थरथरते आणि गाडीतल्या फटीवाल्या प्लेअरमध्ये सुटून अडकतात. बोटांचे ठसे पुसायचे असतील तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. गोलाकार ओरखडा एकाच गाण्याचा बराच भाग खातो.

गाण्यांची यादी २४ बाय १२ सेंटिमीटरच्या कागदावर लिहून मधोमध दुमडली की बरोबर सीडीएवढी होते. प्रत्येक गाण्यापुढे गायक, संगीतकार, माहीत असेल तर वर्ष, आणि एक ओळ. ती ओळ गाण्याची स्तुती नसावी, कान कुठे लावायचा ते सांगणारी असावी: ‘दुसऱ्या कडव्यानंतर सारंगी एकटी राहते ते बघा’, ‘बासरीचा शेवटचा सूर तुटतो, तो तसाच ठेवलाय’. भाषा परकी असेल तर दोन ओळींत भावार्थ. यादी वेगळ्या बंद पाकिटात घालून ‘आधी ऐका, मग उघडा’ असं वर लिहिलं तर आणखी मजा येते; अनोळखी गाणं नावाशिवाय ऐकताना कान जास्त उघडे राहतात.

टपाल

जाड प्लास्टिकची डबी पाठवू नका. प्रवासात तिचे मधले दात मोडतात आणि त्यांचे तुकडे सीडीवर घासत बसतात. सीडी कागदी किंवा कापडी पाउचमध्ये घाला, दोन्ही बाजूंनी सीडीपेक्षा सेंटीमीटरभर मोठा पुठ्ठा लावा, पुठ्ठ्यांच्या कडा टेपने बंद करा आणि बुडबुड्यांच्या पाकिटात सरकवा. टेप सीडीला कुठेही लागू देऊ नका. पाकीट हातात हलवून बघा. आत काही सरकतंय असं वाटलं तर दुमडलेला कागद भरा.

परदेशी पाठवताना जकातीचा छोटा फॉर्म लागतो. ‘भेटवस्तू, एक सीडी’ आणि खरी किंमत लिहा. रकाना मोकळा सोडला की पाकीट अडकतं. पाठवणाऱ्याचा पत्ता मागे लिहायला लोक विसरतात आणि परत फिरलेली सीडी कुठेच पोचत नाही.

पोचल्यानंतर

मिळाल्याचं त्याच दिवशी कळवा, अभिप्राय मात्र दोन-तीनदा ऐकल्यावर द्या. ‘मस्त सीडी!’ एवढ्यावर भागवू नका. कोणत्या गाण्याला थांबून मागे गेलात, कोणतं प्रत्येक वेळी पुढे ढकललंत, कोणता जोड आवडला, हे तीन मुद्दे लिहा. पुढे ढकललेलं गाणं सांगायला लोक संकोचतात, पण पाठवणाऱ्याला पुढच्या फेरीत उपयोग होतो तो त्याचाच. पाठवणाऱ्याने तयार फाइलींचं फोल्डर समोरच्याचा अभिप्राय येईपर्यंत पुसू नये. सीडी वाटेत तडकली किंवा त्याच्या प्लेअरला चालली नाही तर दुसरी प्रत दहा मिनिटांत निघते.